ऋतुजाची सोबतीण

त्या साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो परतलाच नाही. कापसाची झाडं गुडघ्याएवढी राहिली आणि बोंडं लिंबाएवढी. तरी वेचणी होतीच. उत्तरेश्वरच्या रानात सकाळपासून बायका पोटाला ओटी बांधून ओळीनं पुढं सरकत होत्या. तेजश्री सगळ्यांच्या मागं राहिली होती. तिचा हात बोंडावर आणि डोळे बांधाकडं. बांधावर बोरीच्या सावलीला तिची ऋतुजा बसली होती. ढेकळं एकावर एक रचायची, पाडायची, पुन्हा रचायची.

ऋतुजाला चार वर्षं पुरी होऊन पाचवं लागलं होतं. ती बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नव्हती. कान मात्र तिखट. लांबच्या रानात कुणी मोटर सुरू केली तरी तिची मान तिकडं वळायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार नाही, लेकराची घडणच अशी आहे, हिला चार लेकरांत ठेवा. त्या घडणीचं नाव तेजश्री एसटीत घोकत बसली होती, पण धारूरला उतरेपर्यंत विसरून गेली. तिला एवढंच कळत होतं, की पोरीला दोन गोष्टींचं वेड आहे. एक पळायचं आणि एक पाण्याचं.

ओळीच्या टोकाला पोचून ती ओटी रिकामी करायला वाकली. उठून बघते तर बोरीखाली नुसती ढेकळं.

"ए तेजे!" टोळीची म्होरकी भामाबाई पलीकडून ओरडली. "पोरगी तळ्याकडं गेली बघ!"

सगळ्या बायका ओट्यांसकट पळाल्या. शेततळ्यात तळाला पाणी होतं आणि चारी बाजूंनी अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद उन्हानं तापून चकाकत होता. त्या कागदावरून ऋतुजा निम्मी घसरली होती. कागदाच्या एका चुणीत तिची टाच अडकली होती, तेवढ्यावरच ती थांबली होती आणि पाण्याकडं बघून टाळ्या वाजवत होती.

तेजश्री तशीच उतरायला निघाली. भामाबाईनं तिचा दंड धरून तिला मागं फेकलं. "दोघी मरचाल!"

उत्तरेश्वर बैलगाडीचा दोर घेऊन आला. कमरेला बांधून तो कागदावर पालथा पडला आणि हळूहळू खाली सरकला. वर दोर बायकांनी धरला होता. सगळ्यांत पुढं भामाबाई. तिनं पाय मातीत रोवले होते आणि दोर तिच्या तळहातातून कातडी सोलत सरकत होता. उत्तरेश्वरनं पोरीचा फ्रॉक पकडला, मग हात, मग तिला छातीशी घेतलं.

वर आल्यावर त्यानं पोरीला तेजश्रीच्या हवाली केलं. कमरेचा दोर सोडला. मग म्हणाला, "बाई, उद्यापासून लेकरू रानात आणू नको. माझ्या तळ्यात काय झालं तर मी जन्मभर त्या पाण्याकडं बघू शकायचो न्हाई."

"घरी कुणाजवळ ठिवू, भाऊ?"

"ते मला काय सांगतीस?"

भामाबाई हातावर माती चोळत होती. "येडं लेकरू हाय ते," ती म्हणाली. "त्याला दावं लागतं. मोकळं सोडून वेचणी व्हत नसती."

तेजश्रीनं ते ऐकलं आणि गिळलं. ऋतुजाला कडेवर घेऊन तिनं उरलेली ओळ तशीच वेचली.

*

घरात माणसं मोजकीच. तिचा नवरा सोमनाथ दिवाळी होताच मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरला होता. इकडं डोंगराला गवताची काडी उरली नव्हती. सासू दोन वर्षांमागं गेलेली. उरला सासरा आश्रुबा. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस, पण आता एका डोळ्याला काहीच दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला नुसत्या सावल्या दिसत होत्या.

थोडे दिवस त्यानं नातीला सांभाळून बघितलं. ती त्याच्या हातातून सुटायची आणि तो काठी आपटत, "ऋते, ऋते" करत गल्लीनं फिरायचा. हाकेला ओ न देणारं लेकरू आंधळ्यानं शोधायचं कसं? एके दिवशी तो नालीत पडला. त्याला उचलून आणलं तेव्हा त्याच्या मिशीला चिखल होता आणि तो एकच विचारत होता, "घावली का? पोरगी घावली का?"

दुसऱ्या दिवशी तेजश्रीनं सासूचं जुनं लुगडं फाडलं. मऊ बाजू आत घेऊन ऋतुजाच्या कमरेला गाठ मारली आणि दुसरं टोक घराच्या मधल्या मेढीला, लाकडी खांबाला, बांधलं. मेढीपलीकडं कळपातून मागं राहिलेलं एक लंगडं कोकरू होतं. ते मोकळंच होतं.

"सूनबाई," आश्रुबा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "म्या जन्मात मेंढरू बी असं बांधलं न्हाई."

"मग मी काय करू, मामा? तुमीच सांगा."

 तेजश्रीनं भाकरी फडक्यात बांधली आणि ती निघाली.

ऋतुजा मेढीभोवती फिरायची. लुगडं गुंडाळत जायचं, ती मेढीला चिकटायची. मग उलटी फिरून सुटायची. दारात पोरं जमायची. "येडी ऋती! येडी ऋती!" कुणी पेरूची फोड पुढं करायचं आणि तिनं हात लांबवला की मागं घ्यायचं. आश्रुबा आवाजाच्या दिशेनं काठी फेकायचा आणि मग ती काठी हुडकत अंगणात चाचपडायचा.

संध्याकाळी तेजश्री गाठ सोडायची तेव्हा कमरेवर लाल वळ असायचा. ती खोबरेल लावायची. ऋतुजा रडायची नाही. ती आईच्या हातातल्या बांगड्या वाजवत बसायची.

*

अंगणवाडीच्या सेविका वैष्णवीताई वजन घ्यायला घरी आल्या त्या दिवशी तेजश्री घरीच होती. अंगात कणकण होती म्हणून ती वेचणीला गेली नव्हती, पण पाण्याला जाऊन यायचं म्हणून पोरीला बांधून गेली होती. घागर घेऊन परत आली तर वैष्णवीताई दारात उभ्या. खांद्याला वजनकाटा, आणि नजर मेढीकडं.

तेजश्रीच्या डोक्यावरची घागर हिंदकळली.

"बघू नका," ती म्हणाली. "तुमी घेतलं का हिला? न्हाई घेतलं ना? मग बघू नका."

ते खरंच होतं. पावसाळ्यात तेजश्रीनं ऋतुजाला अंगणवाडीत बसवलं होतं. अंगणवाडी मारुतीच्या देवळामागं, चारी बाजूंनी मोकळी, आणि पन्नास पावलांवर गावची विहीर. पहिल्याच दिवशी पोरगी विहिरीकडं सुटली. मदतनीस बायनाबाई साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी. वैष्णवीताईंनी गॅसवरची खिचडी आणि खोलीभर लेकरं टाकून तिच्यामागं धाव घेतली होती. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडले, "आहाराचं पाकीट घरपोच देते गं, पण मला एकटीला झेपायचं न्हाई."

आता त्या खाली बसल्या. त्यांनी मेढीची गाठ सोडली, पोरीला काट्याला लावलं, वजन बघितलं. परत गाठ मारायची वेळ आली तेव्हा त्यांचे हात थांबले. तेजश्रीनंच पुढं होऊन गाठ मारली.

जाताना वैष्णवीताई उंबऱ्यात वळल्या. "मी भ्याले होते, तेजश्री," त्या म्हणाल्या. "अजून बी भेते. पर असं न्हाई चालायचं."

त्या बोलून गेल्या. तेजश्री त्यावर फार विसंबली नाही. ताप उतरल्यावर ती पुन्हा वेचणीला लागली.

पण संक्रांतीच्या सुमाराला वैष्णवीताई घाईघाईनं आल्या, चपलासुद्धा न काढता अंगणातूनच बोलायला लागल्या. तालुक्याला बैठक झाली होती. ज्या अंगणवाडीत दिव्यांग लेकरू आहे, तिला वेगळा निधी मिळणार होता. त्यातून जागेची सोय करता येत होती आणि तशा लेकराच्या सोबतीला एक बाई पगारावर ठेवता येत होती.

"मी जाळी मागितली. चारी बाजूंनी तारेची जाळी आन कडीचं फाटक. आन एक सोबतीण. निस्ती हिच्यासाठी."

"हिच्यासाठी?" आश्रुबानं विचारलं. "सरकारला आमच्या ऋतीचं नाव ठावं हाय?"

"म्या लिहून दिलंय, बाबा."

 म्हाताऱ्यानं चाचपडत नातीचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिला.

*

निधी कशावर खर्चायचा याचा ठराव ग्रामसभेत व्हायचा होता. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर देवळापुढं सतरंजी टाकली. तेजश्री ऋतुजाला कडेवर घेऊन बायकांच्या मागं उभी राहिली. तिला पुढं यायला सांगत होते, पण तिचे पाय उचलत नव्हते.

सरपंच अमरसिंह पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांत खुर्चीवर होता. माणूस वाईट नव्हता. गावात पैसा आला की तो रस्त्यावरून दिसला पाहिजे, एवढंच त्याचं मत.

"असं करू," तो म्हणाला. "आधी अंगणवाडीला रंग, म्होरं फरशी, आन रस्त्याला एक कमान. जाळीचं पुढच्या साली बघू."

"दादा, हा निधी त्याच कामाला हाय," वैष्णवीताई म्हणाल्या. "लेकरासाठी."

"फरशी बी लेकरांसाठीच की."

मागून राधाकिशन नावाचा एक शेतकरी उठला. "एका पोरीसाठी एवढी जाळी? आन एक बाई निस्ती तिच्यामागं फिरायला? आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

काही जण हसले. तेजश्रीचं तोंड तापलं. बायनाबाई कमरेवर हात ठेवून उठली, "आरं, मला पळता येत न्हाई रं बाबांनो," एवढं बोलून खाली बसली. पुन्हा हसू उठलं.

त्याच वेळी टँकर आला. त्या साली गावची विहीर आटली होती. रोज टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि मग बायका ते शेंदून न्यायच्या. ड्रायव्हरनं जाड नळी विहिरीत टाकली आणि चावी फिरवली. रिकाम्या विहिरीत पाणी कोसळायला लागलं, त्याचा आवाज सगळ्या सभेवरून गेला.

ऋतुजाचं अंग ताठ झालं. तेजश्रीला कळलं, पण उशिरा. पोरीनं हिसका दिला, कडेवरून घसरली आणि माणसांच्या पायांतून सुटली.

"धरा! धरा तिला!"

सतरंजीवरची माणसं उठायच्या आत ती त्यांना ओलांडून गेली. विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळलेला. त्याच बाजूनं ती निघाली होती. अमरसिंहाची खुर्ची विहिरीच्या सगळ्यांत जवळ होती. तो उठला, चपला सुटल्या, तसाच अनवाणी दगडधोंड्यांतून पळाला. मागून अख्खी ग्रामसभा पळत होती. ढासळलेल्या कठड्यापाशी त्यानं अंग टाकलं आणि फ्रॉकची मागची बाजू त्याच्या मुठीत आली.

सगळे पोचले तेव्हा तो दगडात गुडघ्यावर बसला होता. पांढरा पायजमा फाटून आत रक्त दिसत होतं. पोरगी त्याच्या दोन्ही हातांत होती आणि खाली पडणाऱ्या पाण्याकडं बघून खुदुखुदु हसत होती.

 अमरसिंह धापा टाकत होता.

"किती पळती बे ही!" तो शेवटी म्हणाला. मग त्यानं विहिरीत वाकून बघितलं आणि पोरीला आणखी घट्ट धरलं. तेजश्रीनं हात पुढं केले तरी त्याला सोडायचं लगेच सुचलं नाही.

"ताई," तो वैष्णवीताईंना म्हणाला, "लिहा. आधी जाळी. आन हा कठडा बी बांधून घ्या, ग्रामपंचायतीतून."

"आन कमान?" कुणीतरी विचारलं.

"कमान घाला चुलीत."

राधाकिशन टँकरच्या चाकापाशी उभा होता. ठरावाला हात वर करा म्हटल्यावर त्याचा हात सगळ्यांबरोबर वर गेला.

*

सोबतीण म्हणून आपल्यालाच घेतील, असं तेजश्रीला वाटलं होतं. पोरगी डोळ्यापुढं राहील आणि रोजगारही होईल. तिनं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. वैष्णवीताईंनी मान हलवली.

"आई न्हाई चालत, तेजश्री. तुझ्याबिगर दुसरं माणूस हिला ओळखू आलं पायजे. उद्या तू आजारी पडलीस तर?"

"मग कुणाला घेतलं?"

"भामाबाईला."

तेजश्रीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. गावातल्या दुसऱ्या बायकांना पगार हवा होता, पण दुसऱ्याचं असं लेकरू धुवायचं, पुसायचं, त्याच्यामागं पळायचं म्हटल्यावर त्या मागं सरल्या होत्या. भामाबाईची पाठ वेचणीनं गेली होती, ओझं उचलवत नव्हतं. पाय मात्र शाबूत होते. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला ड्रायव्हर, घरात एकटी. तिनं स्वतः येऊन सांगितलं होतं, मी करते.

"ती येडी म्हणती हिला!" तेजश्री म्हणाली. "तिनंच म्हटलं व्हतं, दावं लावा म्हून. ती हिला बांधील, ताई!"

"तू बी बांधलंच व्हतंस," वैष्णवीताई हळू आवाजात म्हणाल्या. "भामाबाईला थोडा येळ दे."

जाळी लागेपर्यंत वैष्णवीताई आणि भामाबाई अंबाजोगाईला प्रशिक्षणाला जाऊन आल्या. भामाबाई पहिल्यांदाच वर्गात खुर्चीवर बसली होती. परत आल्यावर कुणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "बसून बसून कंबर धरली माझी."

पहिल्या दिवशी तेजश्री कामाला गेली नाही. देवळाच्या भिंतीआड उभी राहून जाळीतून बघत राहिली. ऋतुजा किंचाळत होती. सगळी लेकरं कानावर हात ठेवून बसली होती. ती फाटकावर धावून गेली, कडी निघेना, जाळीवर डोकं आपटायला लागली. भामाबाईनं तिचं कपाळ आणि जाळी यांच्या मधे आपला हात घातला. ऋतुजानं तो हात चावला. इतका जोरात, की भामाबाईच्या तोंडून आवाज फुटला. तेजश्रीनं डोळे मिटले. आता फटका बसणार.

फटक्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर भामाबाई फाटकाला पाठ लावून मातीत बसली होती. पोरगी तिच्या खांद्यावर, तोंडावर मारत होती आणि ती तोंड चुकवत म्हणत होती, "मार. मार माय. दमलीस की थांब."

तेजश्री घरी आली आणि चुलीपुढं बसून रडली. कशाचं रडू, ते तिचं तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भामाबाईनं एक घमेलं आणलं. प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलं होतं, पोरगी ज्याच्यामागं बाहेर पळते, ते आत आणून द्या. सकाळी प्रार्थनेच्या आधी आवारातल्या लिंबाखाली घमेलंभर पाणी ठेवायचं. ऋतुजानं त्यात हात घालायचे, वाटीनं ओतायचं, टाळ्या पिटायच्या. तेवढं झालं की ती सतरंजीवर बसायची. आधी थोडाच वेळ, मग खिचडी येईपर्यंत.

पण पाणी आणायचं कुठून? टँकरच्या पाण्यावर भांडणं लागत होती. भामाबाईनं पहिले दोन दिवस आपल्या घरचं दिलं. हे आश्रुबाला कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कळशी खांद्यावर घेऊन, एक हात भिंतींना लावत लावत अंगणवाडीच्या फाटकाशी आला.

विहिरीवर बायका बोलल्याच. "प्यायला न्हाई आन हे लेकराला खेळायला चाललंय!"

"माझ्या आंघोळीचं हाय," आश्रुबा म्हणाला. "मेंढक्याला आंघोळ लागती कशाला?"

त्यानंतर तो रोज यायचा. भामाबाई फाटक उघडून कळशी उतरवून घ्यायची. खेळून झालेलं पाणी बायनाबाई भांडी विसळायला घ्यायची. म्हातारा जाळीबाहेर दगडावर बसून पाण्याचा आणि नातीच्या हसण्याचा आवाज ऐकायचा. पुढं पुढं बोलणाऱ्यांतलीच एखादी बाई जाता जाता घागरीतून चार तांबे घमेल्यात ओतून जायला लागली. आश्रुबा प्रत्येकीला हात जोडायचा. समोर कोण आहे ते दिसायचं नाही, तरी जोडायचा.

*

चैत्रात उत्तरेश्वरची ज्वारी काढायला आली. सगळं रान वाळलं होतं, पण तळ्याच्या पाण्यावर त्याचा एक तुकडा उभा होता. तेजश्री टोळीत होती आणि आता मागं राहत नव्हती. दोन्ही हात ज्वारीच्या ताटांना, दोन्ही डोळे त्याच ताटांवर. ती पुढं गेली की बाकीच्या बायका म्हणायच्या, "जरा दमानं गं, आमाला बी जगू दे."

दुपारी बोरीखाली सगळ्या भाकरी खायला बसल्या. तेजश्रीनं ठेच्याबरोबर अख्खी भाकरी खाल्ली, मग दुसरी. इतकी वर्षं ती उभ्यानं खात आली होती, एक घास तोंडात आणि एक नजर पोरीमागं. पाणी पिऊन तिनं पदर डोक्याखाली घेतला, जरा पाठ टेकते म्हणाली, आणि झोपली.

जाग आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. ती दचकून उठली आणि तिचे हात आपोआप आजूबाजूच्या मातीवर फिरले.

"ऋती!"

"अंगणवाडीत हाय ती," उत्तरेश्वर म्हणाला. तो बांधावर विळा घासत होता. "आत्ताच त्या बाजूनं आलो. जाळीत हाय. घमेल्यात बसलीय म्हशीवानी."

तेजश्रीनं रानाकडं बघितलं. बायका बऱ्याच पुढं गेल्या होत्या आणि तिच्या वाट्याची ओळही कापून झाली होती.

"मला उठवलं कावून न्हाई?"

"उठवू देईनात बाया. लई दिवसांची झोप हाय म्हणाल्या."

तिनं विळा घेतला. पण लगेच वाकता येईना. डोळ्यांपुढं सगळं पाणी पाणी झालं होतं. उत्तरेश्वर दुसरीकडं बघत विळा घासत राहिला.

त्या संध्याकाळी सोमनाथचा फोन आला. मागं मेंढरांचा कालवा होता.

"पोरगी कशी हाय?"

"बरी हाय. जेवती. चार लेकरांत बसून जेवती."

"पळत न्हाई?"

"पळती की. लेकरंच वरडत्यात, ऋती पळाली, फाटक लावा म्हून. आता येडी म्हणीनात तिला."

 मेंढरं तेवढी ओरडत होती.

"बोलली का काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"बरं. असू दे," तो म्हणाला. "जेवती म्हणतीस ना. लई झालं."

*

भामाबाईला काही द्यावं असं तेजश्रीच्या मनात फार दिवस होतं. द्यायला घरात काही नव्हतं, आणि तोंडानं बोलायचं म्हटलं तर शब्द सापडत नव्हते. सोडायला आणि न्यायला रोज भेट व्हायची. "जेवली का?" "जेवली." "मुतली का?" "दोनदा." एवढंच बोलणं. भामाबाईच्या हातावर चावल्याची खूण राहिली होती. ती पदरात हात घ्यायची तेव्हा तेजश्रीची नजर तिथं जायची आणि ती दुसरीकडं बघायची.

एक दिवस उत्तरेश्वरकडं काम नव्हतं. ऋतुजाला सोडून तेजश्री तशीच भामाबाईच्या घरी गेली. घराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. पाठ दुखते म्हणून भामाबाईनं कित्येक महिने सारवलं नव्हतं. जमिनीचे पोपडे निघाले होते, कोपऱ्यात मुंग्यांनी माती काढली होती. तेजश्रीनं सामान बाहेर काढलं, जमीन खरडली, खड्डे मुरमानं भरले, ठोकले. शेण आणि माती कालवली. भांडी धुतलेलं पाणी बायनाबाईनं एका हंड्यात साठवून ठेवलं होतं, ते मागून आणलं. मग गुडघ्यावर बसून भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत हातानं गोल गोल सारवत आली. अंगणात शेणसडा टाकायला पाणी पुरलं नाही, म्हणून अंगण नुसतं झाडून घेतलं.

ऊन कलल्यावर अंगणवाडी सुटली आणि पोरीला न्यायला आई आली नाही, म्हणून भामाबाईच तिला हाताला धरून निघाली. दारात सामान बघून ती उभी राहिली.

"कोण हाय गं आत?"

तेजश्री कोपरापर्यंत शेणानं माखलेले हात घेऊन बाहेर आली.

"हे कावून केलंस?"

"उगंच."

"उगंच कुणी सारवत असतं व्हय, एवढ्या उन्हाचं?"

 भामाबाईनं उंबऱ्यातून आत वाकून बघितलं. ओली जमीन एकसारखी हिरवट दिसत होती, बोटांचे गोल एकात एक गुंतलेले. ती बघतच राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

"आता मी घरात जाऊ कशी?"

"वाळंस्तवर बसा हितं, काकू."

दोघी भिंतीच्या सावलीला बसल्या. ऋतुजा मधे. तिनं भामाबाईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या हातातली एकुलती एक पितळी बांगडी पुढं-मागं सरकवायला लागली. आजवर ती हा खेळ फक्त आईशी खेळायची. तेजश्री बघत राहिली. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

"निधी एका सालाचा हाय म्हणत्यात," तेजश्री म्हणाली. "पुढच्या साली न्हाई आला तर?"

"ताई परत लिव्हणार हायत. अमरसिंह सही देतो म्हणलाय." भामाबाईनं पाठ भिंतीला टेकवली. "आन न्हाई आला तर तवाचं तवा बघू. जाळी काय कुणी उपटून न्हेत न्हाई. आन मी हाय हितंच."

"तुमाला लई तरास देती ना ही?"

"देती की. काल घमेलं माझ्या अंगावर वतलं. लुगडं भिजलं सगळं." ती ऋतुजाकडं बघून खोटंच रागावली. "उन्हाचं बरं वाटलं म्हणा मला."

तेजश्री हसली. भामाबाईही हसली, पाठ धरून.

"उद्या जरा लवकर धाड," भामाबाई म्हणाली. "उशीर झाला की वाट बघत बसावं लागतं फाटकापाशी."

"कुणाला? ऋतीला?"

"ती तर तुझ्या घरी असती," भामाबाई म्हणाली. "मला."